नंदीचा दुसरा कान

विभावरी मुजुमदारला नोकरीतून नारळ मिळाला, तो अगदी खराखुरा. साठी झाली, शाळेच्या ऑफिसातली खुर्ची सोडायची वेळ आली, तेव्हा केरळच्या, पंजाबच्या आणि कराचीच्या बायकांनी मिळून तिला एक शाल, खजुराचा डबा आणि वर एक नारळ दिला. मराठी लोकांना निरोपाला नारळ देतात असं त्यांच्यापैकी कुणीतरी गूगलवर वाचलं होतं. नारळ देणं म्हणजे मराठीत काय, हे समजावत बसायच्या भानगडीत विभावरी पडली नाही. थँक्यू म्हणाली, नारळ पिशवीत टाकला आणि दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीची बस पकडून घरी आली.

आता व्हिसा रद्द होणार आणि पुण्याला परत जायचं, हे ठरल्यातच जमा होतं. वारज्याला फ्लॅट होता. तो तिच्या नवऱ्याने, प्रकाशने, हौसेने घेतला होता आणि त्यात राहायला त्याला काही मिळालं नव्हतं. विभावरीने आवराआवर सुरू केली. पातेली आणि कुकर खालच्या मजल्यावरच्या जुलेखाला, सोफा वॉचमनच्या मित्राला, पडदे कुणालाच नको म्हणून कचऱ्यात. सगळ्याची वासलात लागत होती. फक्त एका गोष्टीची लागत नव्हती, आणि ती गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती.

तिला प्रकाशचं कुजबुजणं ऐकू यायचं.

शब्द नाहीत. नुसतं कुजबुजणं. लिफ्टमध्ये एकटी असली की डाव्या कानाच्या मागे. एसीच्या जाळीतून, भांडी घासताना नळाच्या धारेतून, बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की काचेतून. माणूस अगदी जवळ तोंड आणून काहीतरी सांगतो आणि आपल्याला त्यातलं एक अक्षर कळत नाही, तसं. कानाच्या पाळीला ऊबसुद्धा लागायची. याला कुणाला वेड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण बाई वेडी नव्हती. शाळेच्या सगळ्या बसचे रूट तिला तोंडपाठ होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत एकाही मुलाचा स्टॉप तिने चुकवला नव्हता. कान तेवढे तिच्या ताब्यात राहिले नव्हते.

प्रकाशला जाऊन आता तेरा वर्षं होत आली होती. रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात तो भट्टीवर इंजिनिअर होता. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत राहायचा, गुरुवारी दुबईला घरी यायचा, रविवारी पहाटे परत जायचा. शुक्रवार-शनिवारची सुट्टी असायची तेव्हाची ही गोष्ट. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. भट्टीच्या घरघरीत बोलून बोलून आवाज असा झालेला की तो गुपित सांगायला लागला तरी शेजाऱ्यांनी टीव्ही बारीक करून ऐकावं. देवावर काडीचा विश्वास नाही, पण बायकोला देवळात न्यायला आणि बाहेर चपला सांभाळायला एका पायावर तयार. मॅच हरली, बढती हुकली, गाडीला पार्किंगचा दंड लागला, की जीभ टाळूला लावून ‘च्’ करायचा, ‘जाऊ दे’ म्हणायचा आणि चहा मागायचा. एकच गोष्ट त्याने कधी जाऊ दिली नाही. त्याला परत पुण्याला जायचं होतं.

“खलास झालं आपलं इथलं,” तो म्हणायचा. “चल आता घरी.”

“नको,” विभावरी म्हणायची. मिहिकाची शाळा चांगली चाललीय, नको. माझी नोकरी आताच पक्की झालीय, नको. मिहिका त्यांची एकुलती एक मुलगी, उशिरा झालेली, तेव्हा दहा वर्षांची. ती दुबईतच जन्मलेली. मराठी कळायचं, बोलायची मात्र इंग्लिश. मुलीचं नाव पुढे केलं की प्रकाशला उत्तर सुचायचं नाही, हे विभावरीला चांगलं ठाऊक होतं, आणि ती ते नाव दर वेळी पुढे करायची. शेवटी एकदा असं कडाक्याचं भांडण झालं की दोघांनी अबोला धरला. “मिहिका, बाबांना सांग भात वाढलाय.” “मिहिका, आईला सांग मला भूक नाही.” आणि ती पोर बिचारी मधे उभी राहून दोन्ही निरोप इंग्लिशमध्ये पोचवायची.

अशा अबोल्यातच एका गुरुवारी संध्याकाळी तिघं बर दुबईच्या जुन्या देवळात गेली. कापडबाजारातून आत शिरलं की ती चिंचोळी गल्ली लागायची. दोन्हीकडे झेंडूचे हार, नारळ, दुधाच्या पिशव्या, कापूर, पायाखाली ओलं. पलीकडे मशीद. तिची अजान आणि देवळातली घंटा कधीकधी एकाच वेळी सुरू व्हायची आणि गल्लीतल्या कुणालाच त्यात काही विशेष वाटायचं नाही. वर जिना चढून शंकराचं देऊळ, पिंडीसमोर नंदी. नंदी कसला, वासरू म्हणा. डोकं जेमतेम नारळाएवढं.

विभावरीने नंदीच्या दोन शिंगांवर बोटं ठेवून मधून पिंडीचं दर्शन घेतलं. मग गुडघ्यांवर बसून त्याच्या एका कानाशी तोंड नेलं आणि दुसऱ्या कानावर तळहात घट्ट दाबला. तिच्या आजोळी असंच करायचे. महादेव समाधीत असतो, म्हणून निरोप नंदीपाशी द्यायचा. आणि दुसरा कान झाकायचा, नाहीतर इकडून सांगितलेलं तिकडून निघून जातं. ती मनापासून म्हणाली, “ह्यांच्या डोक्यातलं ते घरी जायचं खूळ तेवढं जाऊ दे.”

उठून प्रदक्षिणेला वळली आणि परत येते तो काय, प्रकाश नंदीपाशी गुडघे टेकून बसलेला. तोच प्रकाश, जो आत येताना घंटासुद्धा वाजवायचा नाही. पाठमोरा, वाकलेला, तोंड नंदीच्या कानाशी. त्याच्या पलीकडे, खांबाजवळ, मिहिकाचं नुसतं डोकं दिसत होतं; काहीतरी खेळत असावी. काही क्षणच असेल. मग तो उठला, पँटचे गुडघे झटकले आणि चपलांकडे गेला. काय सांगितलंत, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नंदीला सांगितलेलं विचारायचं नसतं, आणि शिवाय अबोला होता. आधी बोलायचं तर त्याने बोलावं.

शुक्रवार, शनिवार तसेच गेले. त्याने नळाचा वायसर बदलला, मिहिकाला पोहायला नेलं. रविवारी पहाटे निघताना तो बेडरूमच्या दारात येऊन थांबला. विभावरी जागी होती. पापणीच्या फटीतून तिला त्याची सावली दिसत होती, आणि हा काहीतरी बोलणार आहे हेही कळत होतं. तिने झोपेचं सोंग घेतलं. असू देत थोडे ताटकळत, असं वाटलं तिला. तो गेला. एमिरेट्स रोडवर त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की उभा ट्रेलर त्याला दिसलाच नाही.

आणि मग तो घरी गेला. लाकडी पेटीतून, विमानाच्या पोटातून, पुण्याला.

तेव्हापासून विभावरीच्या मनाने जे घेतलं ते घेतलंच. एकाच संध्याकाळी, एकाच नंदीला, दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या. तिने सांगितलं, ह्यांचं घरी जायचं खूळ काढ. त्याने सांगितलं असणार, मला घरी ने. आणि ऐकलं गेलं ते त्याचं, जन्मात पहिल्यांदा देवापुढे वाकलेल्या माणसाचं. ती दर सोमवारी त्या देवळात जात राहिली, पण नंदीच्या कानाशी पुन्हा कधी वाकली नाही. तिला भीती वाटायची. कान लावला तर आतून प्रकाश बोलायचा.

मिहिकाशी हे बोलणं शक्यच नव्हतं. बाप गेल्यावर त्या मुलीने आईसमोर मराठी बोलणं जे थोडंफार होतं तेही सोडलं. मोठी झाली, सिलिकॉन ओएसिसमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली, तिथेच मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहायला लागली. आईशी वागायची कशी, तर बँकेतल्या बाईंशी माणसं वागतात तशी: हसून, नीट, आणि काम झालं की उठून. पोरीच्या मनात काहीतरी आहे हे विभावरीला कळायचं. काय ते विचारायची हिंमत व्हायची नाही.

मग काही महिन्यांपूर्वी शंकराचं ते देऊळ जुन्या गल्लीतून जेबल अलीच्या नव्या मोठ्या देवळाकडे हललं. विभावरी सवयीने गल्लीत गेली, हारवाल्याने सांगितलं, “मॅडम, शिवजी तो शिफ्ट हो गये,” आणि ती हातात दुधाची पिशवी घेऊन तशीच उभी राहिली. कुजबुज पहिल्यांदा ऐकू आली ती त्याच संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये. म्हणजे इतकी वर्षं ती नंदीच्या कानात कोंडलेली होती आणि नंदी हलवताना बाहेर सांडली, असं तिला वाटलं. आपण हे खरंच मानतोय, याचीही तिला भीती वाटली.

जाण्याच्या गडबडीत एकदा तिने जुलेखाला सांगून टाकलं. जुलेखा दाभोळची, नवरा इथल्या बंदरात, ही घरून डबे द्यायची. तिने कांदा चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

“मग जेबल अलीला जाऊन विचार ना एकदा,” ती म्हणाली. “घर बदललं म्हणून काय देव ओळख विसरतो?”

“नंदी कुठे बोलतो का, जुलेखा?”

“इन्शाल्ला बोलेल. नाय बोलला तर नाय बोलला. पण न विचारता निघालीस तर हे पुण्यालाही येईल बघ तुझ्याबरोबर. एकटीच्या घरात आणखी मोठ्यान ऐकू येईल.”

हे तिचं शेवटचं वाक्य विभावरी घरी घेऊन आली. तिने मिहिकाला फोन केला.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मिहिका गाडी घेऊन आली. शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर ट्रॅफिक तुंबलेलं होतं. “तुला घाई नाही ना गं?” विभावरीने विचारलं. “इट्स फाइन,” मिहिका म्हणाली. थोड्या वेळाने आणखी एकदा “इट्स फाइन” म्हणाली, तेव्हा कुणी काही विचारलंही नव्हतं.

जेबल अलीचं देऊळ बघून विभावरी जरा बुजलीच. एका बाजूला चर्चेस, एका बाजूला गुरुद्वारा, आत गारेगार संगमरवर, रांगेने सगळे देव, ओळीत उभं राहायला दोर लावलेले, गणवेशातला गार्ड. ओलं काहीच नाही, निसरडं काहीच नाही. शंकरापुढे नंदी होता. हाच का तो? तिला ओळखू येईना. जुना नंदी मुळात काळा होता की तेलातुपाने काळा झाला होता, तेही आठवेना. पण होता एवढासाच.

गर्दी फारशी नव्हती. तिने शिंगांवर बोटं ठेवली, कसेबसे गुडघे टेकले आणि दुसऱ्या कानावर हात दाबला. विचारायचं तरी कसं? ते काय म्हणाले होते तेवढं सांग, असं?

“व्हाय आर यू कव्हरिंग दॅट?” मागून मिहिका म्हणाली.

“कान गं. दुसरा कान झाकायचा असतो. नाहीतर इकडून घातलेलं तिकडून बाहेर जातं. देवापर्यंत पोचत नाही.”

मिहिकाची नजर आईच्या तळहाताखालच्या त्या कानावर खिळली. विभावरीने मान वळवून पाहिलं.

“बाबांनी नव्हता झाकला,” मिहिका म्हणाली. मराठीत.

“काय?”

“त्या दिवशी. ओल्ड टेंपलमध्ये. ही डिडन्ट कव्हर इट.”

“तुला काय माहीत?”

“माझा कान होता तिथे.”

गार्डने हात केला, तशी दोघी बाजूला झाल्या आणि भिंतीलगत खाली बसल्या. मिहिका तेव्हा दहा वर्षांची. आईला नंदीच्या कानात बोलताना बघून तिला तो टेलिफोनचा खेळ वाटला होता. बाबा डोळे मिटून वाकले तशी ही खांबाआडून सरकली आणि पलीकडच्या कानाला कान लावून बसली. बाबांचा आवाज तो केवढा, आणि नंदी केवढा. सगळं ऐकू आलं.

विभावरीने ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टांगून ठेवला होता ते आता दोन हातांवर बसलं होतं, आणि तिला वाटलं, उठावं आणि या मुलीच्या तोंडावर हात ठेवावा. तरी तिने विचारलंच.

“काय म्हणाले?”

“यू नो व्हॉट ही सेड.”

“मला माहीत असतं तर मी इथे येऊन दगडाला विचारत बसले असते का?”

मिहिका रडत नव्हती. तिचा आवाज नुसता सपाट झाला होता. “ही सेड यू डिडन्ट वॉन्ट हिम. अँड ही आस्क्ड गॉड टु लेट हिम गो.” मग पिंडीकडे बघून म्हणाली, “अँड गॉड डिड.”

म्हणजे विभावरीला वाटत होतं त्याहूनही वाईट. घरी ने असंसुद्धा नाही, सोडव म्हणाला तो. आणि हे ओझं या पोरीने दहाव्या वर्षापासून एकटीने वाहिलं. रोज आईच्या हातचं जेवली, रोज आईला गुड नाइट म्हणाली, आणि रोज मनात म्हणत राहिली की या बाईला माझे बाबा नको होते म्हणून ते मेले. विभावरीला स्वतःची कीव आली नाही. मुलीची आली.

पण तिच्या कानांना काहीतरी खटकत होतं. प्रकाश असं बोलणारा माणूस नव्हता. आणि मुळात प्रकाश नंदीशी इंग्लिश कशाला बोलेल?

“मराठीत सांग,” ती म्हणाली. “त्यांचे शब्द सांग.”

“आय डोन्ट...”

“आठवत नाहीत?”

“आठवतात. एव्हरी डे आठवतात.” मिहिकाने ओठ आवळले. “ती नको म्हणते. जाऊ दे.”

“असं नाही. ते जसं म्हणाले तसं म्हण. त्यांच्या आवाजात.”

मिहिकाने डोळे मिटले. मान थोडी खाली घातली, खांदे वाकवले, नकळतच. आणि जाडसर, दमलेल्या आवाजात ती म्हणाली, “ती नको म्हणते रे.” मग तिची जीभ टाळूला लागली. “च्... जाऊ दे.”

भिंतीशी विभावरीच्या शेजारी तो बसला होता. तोच. मॅच हरलेला, बढती हुकलेला, दंडाची पावती खिशात कोंबून चहा मागणारा. डाव्या कानामागे इतके महिने जी नुसती हवा फुसफुसत होती तिला एकदम शब्द फुटले आणि ते हेच होते.

“अगं वेडे,” ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. “मी पुण्याला जायला नको म्हणत होते. ते नको, असं नाही. जायला नको.”

“अँड जाऊ दे?”

“जाऊ दे म्हणजे मला जाऊ दे नाही गं. जाऊ दे म्हणजे... सोड. राहिलं. खलास. ते नाही का म्हणायचे, मॅच हरल्यावर?”

मिहिका तिच्याकडे बघत राहिली. “लेट इट गो,” ती हळूच म्हणाली. “नॉट लेट मी गो.”

“हो.”

“बट इट्स द सेम वर्ड्स, आई.”

“शब्द तेच गं. तो ‘च्’ ऐकला नाहीस का तू?”

तेरा वर्षं त्या ‘च्’चा अर्थ कुणी तिला सांगितला नव्हता, आणि सांगणार तरी कोण. मिहिकाने आईच्या मांडीवर डोकं टेकलं, जीन्स-शर्टमधली एवढी मोठी मुलगी, भर देवळात, आणि हमसून हमसून रडली. तिच्या केसांतून हात फिरवता फिरवता विभावरीला आणखी एक गोष्ट कळली, आणि तिचा हात थांबला. तिने त्या संध्याकाळी मागितलं होतं, ह्यांच्या डोक्यातलं खूळ जाऊ दे. तिची पाठ वळत नाही तोच तो तिथे बसला आणि म्हणाला, जाऊ दे. नंदीने तिचंच ऐकलं होतं. जागच्या जागी, तिच्याच शब्दांत. रविवारी पहाटे तो दारात उभा राहिला होता तो हेच सांगायला, की राहू या इथेच, तू म्हणतेस तसं. आणि ती डोळे मिटून पडली होती.

हे मात्र ती मिहिकाला बोलली नाही. ते तिच्या एकटीच्या वाट्याचं होतं, आणि आता तेच तिच्याबरोबर पुण्याला येणार होतं.

गार्ड दोनदा येऊन बघून गेला. आरतीची माणसं जमायला लागली. विभावरीने डोळे पुसले, मिहिकाचा हात धरून उठली आणि पुन्हा नंदीपाशी गेली.

“तू तिकडून बस,” ती म्हणाली.

मिहिका पलीकडून गुडघ्यांवर बसली आणि नंदीच्या कानाला कान लावला. विभावरी इकडून वाकली. दुसऱ्या कानावर हात ठेवला नाही. मागे कुणीतरी घाई करत “यल्ला आंटी, लाइन है पीछे,” म्हणालं, तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

“मला तो हवा होता,” ती नंदीच्या कानात म्हणाली. जन्मभर ती प्रकाशला अहोजाहो करत आली होती. “पुण्याला, इथे, कुठेही. हवा होता मला.”

पलीकडून मिहिका म्हणाली, “ऐकू आलं, आई.”